निळ्या मोराचं सूप

"किल्ली आण," आई म्हणाली.

ती माझ्या ट्रंकेपुढं मांडी घालून बसली होती. मी बालवाडीत शिकवून नुकतीच आले होते, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. भिंतीला टेकून माझी धाकटी बहीण पमी बसली होती आणि स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. तिचं लग्न अठरा दिवसांवर आलं होतं.

"किल्ली कशाला?"

"रुखवत काढायचंय. हिच्या सासरचं, बोत्र्यांचं पत्र आलंय. मुलीच्या हातची कला बघायची त्यांच्याकडं सगळ्यांना हौस हाय म्हणे. आता ह्या पोरीच्या हातची कला म्हंजे काय, चहा. आन तो पण उतू जातोय."

"मग सांगलीहून तयार आणा की. मिळतं आजकाल."

"आन घरात भरलेली ट्रंक काय कुजवत ठिवायची?"

ती ट्रंक माझी होती. लग्नाच्या दिवशी मुलीनं स्वतः केलेल्या वस्तू मुलाकडच्यांना बघायला मांडतात, तेच रुखवत. आमच्या तासगावात त्या काळी रुखवत बघून बायका मुलीचं अर्धं आयुष्य सांगायच्या. मी एकोणिसाव्या वर्षापासून माझं करत होते. घरातल्याच साध्या वस्तू घ्यायच्या आणि त्यांना नटवायचं. पोळपाट-लाटण्याला घोटीव कागदाची नक्षी, मडक्यांच्या उतरंडीला टिकल्या आणि आरसे, चाळणीवर क्रेपच्या कागदाचं सूर्यफूल, काड्यापेट्यांचा एक वाडा. जुन्या लग्नपत्रिकांची सोनेरी किनार मी कात्रीनं काढून ठेवायची. आमचं शिंप्याचं घर, लेस आणि गोटा वडिलांच्या, अण्णांच्या दुकानातून मिळायचा. मैद्याच्या खळीत झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिला वाडा झुरळांनी खाल्ला तेव्हा कळलं.

"तुझं ठरलं की नवं करू," आई म्हणाली. "ह्याच्यापरीस झकास करू."

हे तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. ती ट्रंक भरायला मला आठ वर्षं लागली होती, आणि हे आईला माहीत होतं. नवं रुखवत करायचं म्हणजे मी पस्तिशीला पोचणार. गणित मला येत होतं. या घरात माझ्या लग्नाचा विषय संपलाय, एवढं त्या एका वाक्यात मला समजलं. भांडायला तोंड उघडलं तेवढ्यात पमी म्हणाली, "अक्का, तुला नको वाटत असलं तर राहू दे. मी सांगीन त्यांना, मला काही येत नाही म्हणून."

तिचे डोळे भरले होते. तिचे डोळे बघून मी विरघळायची, लहानपणापासून. मी किल्ली दिली.

आई एकेक वस्तू काढून सतरंजीवर मांडत गेली. तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेलं सूप होतं. तिनं ते सोडलं, तसा मी हात पुढं केला.

"हे राहू दे."

"का म्हणून? सुपाशिवाय रुखवताला शोभा हाय का?"

"एवढं एक राहू दे, आई."

"शालन, तोलूनमापून देऊ नगं. भणीला देतीयास, परक्याला न्हाई." तिनं सूप बाकीच्या वस्तूंच्या वर ठेवलं. पमीनं सुपाकडं बघितलंही नाही.

त्या सुपात मी एक मोर केला होता. बाहेरून लाल क्रेपच्या चुण्या, कडेला जर, आणि आत पिसारा फुलवलेला निळा मोर. तो निळा रंग बाजारात मिळत नव्हता. अण्णांना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना दिवसाला तीन गोळ्या असायच्या. त्या गोळ्यांच्या पाकिटांची पन्नी पाठीमागून निळीशार चकाके. मी ती दोन वर्षं साठवली, नखानं गुळगुळीत केली आणि पिसाच्या आकारात कापली. अण्णांची उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. त्यांचं बोलणं घरात मलाच तेवढं पुरतं कळायचं. सकाळी आई त्यांना भरवायची, संध्याकाळी मी. दुकान बंद झालं, पाहुण्यारावळ्यांची पत्रं लिहायचं काम पमीकडं आलं. आई दुसरी शिकलेली, माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं, आणि पमीचं मोत्यासारखं.

तो मोर पूर्ण झाला त्याच मार्गशीर्षात, दोन वर्षांपूर्वी, मला बघायला वसंत पोरे आले होते. आटपाडीला शाळामास्तर, एकतीस वर्षांचे, थोडं टक्कल पडू लागलेलं. बरोबर त्यांच्या आत्या होत्या. पोहे झाले, चहा झाला, आणि आईनं नेहमीप्रमाणं माझ्या हातच्या वस्तू आणून ठेवल्या. आत्यांनी सूप उचललं आणि उजेडाकडं धरलं.

"हा निळा रंग कुठला गं? आमच्या सांगलीत नाही बघितला कधी."

"अण्णांच्या गोळ्यांची पाकिटं आहेत," मी म्हटलं. आईनं डोळे वटारले. आजारपणाचा विषय काढायचा नव्हता. पण आत्या मनापासून हसल्या आणि सूप त्यांनी वसंतरावांच्या हातात दिलं.

त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं. "ह्यात धान्य पाखडलं तर मोर उडून जाईल का?"

"पाखडणारा कसा आहे त्यावर आहे," मी म्हटलं.

त्यांना इतकं हसू आलं की बशीतला चहा धोतरावर सांडला. बघायच्या कार्यक्रमात मुलगी असलं बोलत नसते. जाताना दारात ते माझ्याकडं वळून म्हणाले, "मोर जपून ठेवा." मला तो माणूस आवडला. सरळ सांगते, त्याआधी सात जण येऊन गेले होते आणि त्यांतल्या एकाचाही चेहरा मला आज आठवत नाही.

महिनाभर बालवाडीला सुट्टी असली की मी पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर काही ना काही काम काढून बसत होते. पण एरवी ती वेळ नेमकी बालवाडीची, मी घरी नसायचीच. संक्रांतीनंतर एके दिवशी आईनं भाजी निवडता निवडता सांगितलं, "पोऱ्यांचं जमत न्हाई म्हणं."

"का?"

"कारण कुठं सांगत्यात लोक. आपल्या नशिबात न्हाई म्हणायचं."

मी आत जाऊन सूप धोतरात गुंडाळलं आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. खूप रडले, पण आवाज न करता, कारण मधल्या खोलीत अण्णा असायचे.

आता तेच सूप पमीच्या नावानं मांडायचं होतं. अठरा दिवस मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. जिथं रंग उडाला तिथं नवा कागद चिकटवला, दोन मडकी नव्यानं सजवली, केरसुणीला वेणी घालून तिला मोत्याची नथ केली. पमी शेजारी बसून टिकल्या हातात देई. मधेच एकदा ती म्हणाली, "अक्का, पाठराखीण म्हणून तूच यायचंस हं माझ्याबरोबर. मला पहिले दोन दिवस कुणीतरी आपलं पाहिजे." मी हो म्हटलं. राग होता, नाही असं नाही. पण तो आईवर होता. पमीचा त्यात काय दोष, असं मी स्वतःला समजावलं.

लग्न आमच्या समाजाच्या कार्यालयात होतं. पहाटे उठून मी टेबलं लावली, त्यावर पांढरे पलंगपोस घातले आणि रुखवत मांडलं. सूप मधोमध उभं केलं. समोर पमीच्या अक्षरातली पाटी: 'चि. सौ. कां. प्रमिला हिच्या हातची कला'. सोनेरी किनार मीच कापून लावली होती.

अक्षता पडल्या आणि मुलाकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. पुढं विहीणबाई, बाजूला पमी, मुंडावळ्या बांधलेली. आमच्या मावशीनं संधी सोडली नाही. तिनं लाटणं उचललं आणि मोठ्यानं म्हटलं, "रुखवतात मांडलं पोळपाट-लाटणं, विहीणबाईंचं तोंड म्हणजे मिरचीचं वाटणं!" बायका खिदळल्या. विहीणबाईही हसल्या, आणि एकेक वस्तू हातात घेऊन बघू लागल्या.

"हे सगळं तू केलंस?"

"हो," पमी म्हणाली. खाली बघून, लाजून, अगदी खरं वाटेल असं.

"बाई बाई! आमच्या गौरीचं मखर आता हिच्याकडंच. गेली दहा वर्षं मी बाजारातलं आणते आणि जावा नाकं मुरडतात."

मी मागं खांबाला टेकून उभी होते. वाईट वाटत होतं, आणि वस्तू आवडल्या म्हणून छातीही फुगली होती. दोन्ही एकदम. तेवढ्यात घोळक्यातून मरून रंगाचं लुगडं नेसलेल्या एक बाई पुढं आल्या आणि सुपासमोर थांबल्या. मी त्यांना लगेच ओळखलं. वसंत पोऱ्यांच्या आत्या. आमच्या समाजात कुणीही कुणाचं तरी काहीतरी लागतंच, त्या नवरदेवाच्या मामी निघाल्या.

त्यांनी सूप उचललं आणि उजेडाकडं धरलं.

"ही निळी पन्नी कुठली गं, प्रमिला?"

"सांगलीहून आणली," पमी म्हणाली. "जिलेटिनचा कागद मिळतो ना, तो."

आत्यांनी मान हलवली. सूप खाली ठेवलं आणि सावकाश वळून त्यांनी खांबाकडं पाहिलं. मी नजर चुकवली.

पंगतीची हाक आली, बायका गेल्या. आत्या गेल्या नाहीत. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू शालन ना? ते सूप तू केलेलंस. गोळ्यांची पाकिटं, तूच मला सांगितलं होतंस."

पंगतीत या बाईंनी शब्द काढला असता, की मुलीचं रुखवत खोटं आहे, तर पमीला सासरी पहिल्याच दिवशी तोंड दाखवायला जागा उरली नसती. लग्न मोडलं नसतं, पण ती गोष्ट तिला जन्मभर ऐकावी लागली असती. मखराच्या वेळी दरवर्षी. मला दुसरं काही सुचलं नाही.

"नाही, आत्या," मी म्हटलं. "ते तेव्हाही पमीनंच केलेलं होतं. मी माझं म्हणून दाखवलं."

त्यांचा चेहरा बघता बघता बदलला.

"म्हणजे आमच्या वसंताला तू खोटं दाखवलंस?"

"हो."

"आणि वर तोंड करून पाकिटांची गोष्ट सांगितलीस?"

"हो."

त्यांनी लुगड्याचा पदर खांद्यावर ओढून घेतला. "मग देवानंच वाचवलं म्हणायचं आम्हाला. तुमच्याकडनं नकार आला ते एका परीनं बरंच झालं."

"नकार?" मी म्हटलं. "आमच्याकडनं?"

"मग काय आमच्याकडनं? आमचा होकार तर आठ दिवसांत गेला होता. तुमचं पत्र आलं. मुलीची लग्नाची इच्छा नाही, वडिलांना सोडून कुठं जायचं नाही, तिनं स्वतःच तसं सांगितलंय. वसंतानं परत पत्र घातलं. वर्षभर थांबतो म्हणाला, दोन वर्षं थांबतो म्हणाला. त्यालाही उत्तर आलं, एका ओळीचं. पुन्हा पत्र पाठवू नये. अक्षर तेवढं सुंदर होतं. मी म्हटलं वसंताला, अक्षर बघ आणि मजकूर बघ."

"ते... आता कुठं असतात?"

"कुठं असणार, आटपाडीलाच. गेल्या वैशाखात लग्न झालं त्याचं." त्या जायला निघाल्या, मग वळून म्हणाल्या, "काळजी करू नको, मी पंगतीत काही बोलणार नाही. लेकीबाळींचं लग्न आहे. पण तुझ्यासारखी नाही बघितली मी."

त्या गेल्या. समोर सोनेरी किनारीची पाटी होती. मोत्यासारख्या अक्षरातली.

पमी मागच्या खोलीत होती, मावशी तिची वेणी सारखी करत होती. पाठवणीला अजून तासभर होता. मी मावशीला म्हटलं, "जरा बाहेर जाशील? मला हिच्याशी बोलायचंय." मावशीला वाटलं बहिणी रडणार. ती पदर डोळ्याला लावून गेली. मी कडी घातली.

"पमे, पोऱ्यांना पत्र कुणी लिहिलं?"

तिनं आरशातून माझ्याकडं बघितलं. कोणतं पत्र, असं तिनं विचारलं नाही. तेवढं एक मात्र तिचं मानलं.

"आईनं सांगितलं. मी लिहिलं."

"दोन्ही?"

ती मुंडावळ्यांच्या मोत्यांशी चाळा करू लागली.

"पमे, दोन्ही आईनं सांगितली?"

"दुसरं आईला माहीत नाही," ती म्हणाली. "आई बाजारात गेली होती. तू शाळेत होतीस. पत्र आलं, मी वाचलं. आणि लगेच उत्तर लिहून टाकलं. वाटलं, आईला दाखवलं आणि तिचं मन बदललं तर?"

"बदललं असतं तर काय झालं असतं?"

"तू गेली असतीस." ती माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तेच, ट्रंकेसमोर होतं ते. "कुणीतरी एकीनं राहायलाच पाहिजे होतं, अक्का. अण्णांचं उठणं, बसणं, धुणं, पुसणं, आई एकटी कुठं करणार? तू गेली असतीस तर मी अडकले असते. मला कुणी बघायलासुद्धा आलं नसतं. वीस वर्षांची होते गं मी."

"आणि मी?"

"तुला सवय झाली होती."

हे ती रागानं बोलली नाही, की टोचून बोलली नाही. बाहेर ऊन आहे असं सांगावं तसं सांगितलं. थोबाडीत द्यावीशी वाटली. हात उचललाही असेल, कारण ती मागं सरकली. पण बाहेर सनई चालू होती आणि तिच्या गालाला हळद लागलेली होती. माझा हात तिथंच राहिला.

"मी रोज ठरवायचे तुला सांगायचं," ती म्हणाली. "ट्रंक उघडली त्या दिवशी तर ओठांवर आलं होतं. अक्का, ते सूप तू ठेवून घे. मी सासूबाईंना काहीतरी सांगते."

"आता कसं ठेवून घेऊ? तुझ्या हातचं आहे ते. मी आत्ताच तशी साक्ष देऊन आले."

तिला अर्थ कळला नाही. मी समजावत बसले नाही. कडी काढून बाहेर आले आणि रुखवत बांधायला घेतलं, कारण ते मुलीबरोबर जातं आणि बांधायचं काम माझ्याकडं होतं. मडकी गवतात ठेवली, वाडा चादरीत गुंडाळला. सूप सगळ्यांत वर ठेवलं, मोर चुरगळू नये म्हणून. इतकी वर्षं जपलेल्या वस्तूला हात आपोआपच जपतात.

पाठवणीच्या वेळी आई माझी पिशवी घेऊन धावत आली. "चल, गाडीत बस. दोन दिवसांत ये बघ माघारी. अण्णांचं मी बघते तवर."

"मी जात नाही. मावशीला पाठव."

"आता ऐनवेळी काय काढलंस? पाठराखीण भण असती. बोत्रे काय म्हणतील?"

"त्यांना पत्र लिहून कळव," मी म्हटलं. "मुलीची इच्छा नाही म्हणून."

आईचा हात पिशवीवर तसाच राहिला. ती समजली. पिशवी तिनं मावशीच्या हातात दिली. पमी गाडीतून मान बाहेर काढून माझ्याकडं बघत होती. ती खूप रडली. बायका म्हणाल्या, बहिणीबहिणींचं प्रेम बघा.

कार्यालयातून घरी मी एकटी चालत आले. वाटेत मी एक गोष्ट ठरवली. कोल्हापूरला बालवाडीच्या बाईंसाठी वर्षाचं प्रशिक्षण होतं, राहायची सोय तिथंच. आमच्या मोठ्या बाई दोन वर्षं माझ्या मागं लागल्या होत्या, मीच अण्णांचं कारण सांगून टाळत होते. उद्या सकाळी जाऊन अर्ज भरायचा. अण्णांना आई भरवेल, जमेल तसं करेल. एकीनं राहायलाच पाहिजे असेल तर आईनं राहावं, तिचा तो नवरा आहे. असं मी रस्त्यानं जवळजवळ मोठ्यानं बोलत आले. खूप वर्षांनी छाती मोकळी वाटली.

अण्णांना मुहूर्तानंतर लगेच घरी आणलं होतं. मी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि आई माझ्याआधी रिक्षानं येऊन त्यांना वरणभात भरवायला बसली होती. माझी चाहूल लागली तरी तिनं वर बघितलं नाही. मी उंबऱ्यात उभी राहिले.

अण्णांनी डावा हात वर केला. मला बोलवायची ती त्यांची खूण होती. मी कॉटशेजारी जाऊन बसले.

"शालू," ते म्हणाले. एकेक शब्द त्यांना ओढून काढावा लागायचा. "आज... तुझं पण... व्हायला पायजे होतं." थोडा दम घेतला. "माझ्यापायी... न्हाई म्हणालीस तू. मास्तरला. मला... म्हाईत हाय."

आई घाईनं म्हणाली, "बोलू नगा. दमलाय तुम्ही. घास घ्या."

दोन वर्षं अण्णा हे मनात धरून बसले होते. मी त्यांचं अंग पुसत असताना ते कधी कधी माझ्या डोक्यावर डावा हात ठेवायचे. मला वाटायचं, आधारासाठी ठेवतात. तो आशीर्वाद होता, न केलेल्या त्यागाचा. माझ्या नावावर आणखी एक खोटी पाटी लावलेली होती, आणि ती माझ्याच बापाच्या गळी उतरवली होती.

त्या दिवशी दुपारी मी एक खोटं बोलले होते, बहिणीसाठी. दुसरं बोलायची ताकद माझ्यात नव्हती.

"अण्णा," मी म्हटलं, "मी नाही म्हटलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं. त्यांचा होकार आला होता. मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं."

"शालन!" आई म्हणाली.

"तुम्हाला खोटं सांगितलंय, अण्णा. मलाही खोटं सांगितलं."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग मान वळवून आईकडं बघितलं. आईच्या हातात घास तसाच होता. "मी काय करू वं?" ती म्हणाली. "दोघी गेल्या असत्या. मी एकटीनं तुमास्नी कसं उचललं असतं? सांगा की." तिनं घास त्यांच्या तोंडाजवळ नेला.

अण्णांनी तोंड मिटून घेतलं.

"घ्या की," आई म्हणाली. "अन्नावर राग काढू नये."

त्यांनी डाव्या हातानं तिचा हात बाजूला सारला. सावकाश, पण जोर लावून. भाताची शितं चादरीवर पडली. मग त्यांनी ताटली माझ्या दिशेनं ढकलली.

मी भरवलं. ते सगळं जेवले. आई स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढं बसली. खरं सांगते, मला त्या वेळी इतका आनंद झाला होता की काय सांगू. त्या घरात जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूनं उभं राहिलं होतं.

सकाळी मी अर्ज भरायला जायचं म्हणून लवकर आवरलं. आई अण्णांचा चहा घेऊन गेली आणि तशीच परत आली. कप भरलेला होता.

"घेत न्हाईत," ती म्हणाली. "तुझ्याच हातनं पायजे म्हणत्यात."

मला वाटलं, चार दिवसांचा राग. मी चहा पाजला, अंग पुसलं, तोवर बालवाडीची वेळ झाली. चार दिवसांचे पंधरा झाले. आई दारात ताटली घेऊन उभी राहायची, गयावया करायची, आणि अण्णा भिंतीकडं तोंड करायचे. दोन दिवस मी मुद्दाम उशिरा घरी आले. दोन्ही दिवस ते तसेच उपाशी बसून होते, माझी वाट बघत, आणि मला बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला. मी त्यांना समजावलं, हात जोडले, एकदा तर ओरडले. त्यांना वाटे, मी मोठ्या मनानं आईला माफ करते आहे. ते मान हलवत. पोरीवर झालेला अन्याय ते विसरणार नव्हते.

कोल्हापूरच्या अर्जाची मुदत टळली. पुढच्या वर्षीचीही टळली. अण्णांनी माझी बाजू शेवटपर्यंत सोडली नाही. ते आणखी अकरा वर्षं जगले.